शंभर जण उठले म्हणजे न्याय झाला?

पाचामुखी परमेश्वर, असं आपण म्हणतो. बीबीसीने २०१८ साली १०० मुखं जमवली. ‘ऑल टुगेदर नाउ’ या गाण्याच्या स्पर्धेत १०० परीक्षक होते आणि त्यांची प्रमुख होती स्पाइस गर्ल्समधली गेरी हॉर्नर. गाणं आवडलं की परीक्षकाने बटण दाबून उभं राहायचं आणि स्पर्धकाबरोबर गायचं. जितके उभे, तितके गुण. बक्षीस ५०,००० पौंड.

दिसायला ही लोकशाही आहे. पण पंचाच्या तोंडी परमेश्वर येतो तो पंच ऐकून, विचार करून बोलतो म्हणून. इथे शेजारचा उठलेला डोळ्यांसमोर दिसतो. त्याच्याकडे बघून जे उठले, त्यांचं मत वेगळं कसं मोजायचं? शिवाय बरोबर गाता यावं असंच गाणं इथे फळणार. म्हणजे ओळखीचं, ठेक्याचं. एखादं हळवं गाणं कुणी डोळे मिटून, बसून ऐकलं, तर त्याचं बसणं नापसंतीत जमा! आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांना कारणही द्यावं लागत नाही.

‘करमणूकच आहे, एवढं काय!’ असं कुणी म्हणेल. बघणाऱ्याची करमणूक असेल. गाणाऱ्यासाठी तो निकालच असतो. आणि संख्या म्हणजेच सत्य, ही सवय आपल्याला अशाच करमणुकीतून लागते. मग गर्दी उठली की आपणही उठतो.

परीक्षक १०० बसवा, नाहीतर १,०००. पण प्रत्येकाला एकट्याने ऐकू द्या, गुण झाकून देऊ द्या आणि का दिला, का नाही, ते सांगायला लावा. नुसती डोकी मोजायला परीक्षक कशाला हवेत?