संगणक म्हातारा झाला? आधी नाडी तर पाहा!

मैत्रिणींनो, परीक्षा संपून सुट्टी लागली की घराघरांतून एक ठराविक तक्रार ऐकू येते. “आई, आपला कॉम्प्युटर अगदी म्हातारा झालाय गं. गेम नुसता अडकत अडकत चालतो. नवीन घेऊ या ना!” विषय यजमानांपर्यंत नेला, तर “तुम्ही मायलेकरं काय ते ठरवा,” म्हणून ते मोकळे होतात. दुकानात विचारलं, तर दुकानदार सरळ नव्या यंत्राचाच आकडा सांगतो. आणि महिन्याच्या हिशेबाची वही मात्र असते तुमच्या हातात! तीत शाळेची फी असते, गॅस असतो, सासूबाईंची औषधं असतात.

अशा वेळी आपण दोहोंपैकी एक काहीतरी करतो. ‘आधी अभ्यास कर’ म्हणून विषय उडवून लावतो, नाही तर ‘आपल्याला त्यातलं काय कळतंय’ म्हणत मान डोलावतो. दोन्हींत नुकसानच. मिक्सरचा कपलर झिजला म्हणून कोणी अख्खा मिक्सर टाकून देत नाही. काय बिघडलंय ते आपण आधी पाहतो आणि तेवढंच बदलतो. संगणकालाही हाच न्याय लावायचा. सारी नावं पाठ असायला हवीत असं मुळीच नाही. ‘नेमकं कमी काय पडतंय?’ एवढा एकच प्रश्न पैसे देण्याआधी विचारता आला पाहिजे.

रोग कसा ओळखायचा?

मुलाला खेळ सुरू करायला सांगा आणि शेजारी स्टूल ओढून बसा. पंधरा-वीस मिनिटं खेळू द्या. मग खेळ चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. ‘टास्क मॅनेजर’ नावाची खिडकी उघडते. तिच्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या भागात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू अशी नावं दिसतील, आणि प्रत्येकाचा गेल्या मिनिटभराचा आलेखही.

सीपीयू म्हणजे यंत्राचा मेंदू. मेमरी, म्हणजेच रॅम, हा आपला ओटा. हाताशी लागणाऱ्या वस्तू तिथं मांडलेल्या असतात. डिस्क हे फडताळ, आणि जीपीयू म्हणजे पडद्यावरची चित्रं रेखाटणारा भाग.

आता आकडे वाचा. जीपीयू सतत शंभर टक्क्यांच्या आसपास आणि सीपीयू निवांत असेल, तर चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. उलट सीपीयू शंभरावर आणि जीपीयू निम्म्यावर असेल, तर कितीही महाग कार्ड आणा, फरक नाममात्रच पडायचा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि त्याच वेळी डिस्कची धडपड चाललेली, तर ओटा अपुरा आहे. सुरुवातीला झकास चालून दहा-पंधरा मिनिटांनी खेळ रखडू लागला, तर बहुधा यंत्र तापतंय. आणि चित्र सुरेख दिसतंय, पण इतरांबरोबर इंटरनेटवर खेळतानाच पात्रं जागच्या जागी उड्या मारतात, तर दोष संगणकाचा नसून जोडणीचा असण्याची शक्यता जास्त. वाय-फायऐवजी राउटरपासून साधी लॅन केबल ओढून पाहा. एवढ्यानंही पुष्कळदा काम भागतं.

बिनपैशाचे उपाय आधी

कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवलेलं असतं, वर विणलेलं आच्छादन, शेजारी उदबत्तीचं घर. कसा श्वास घ्यावा बिचाऱ्यानं? चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा. संगणक बंद करा, प्लग काढा, मगच झाकण उघडा. पंख्याची पाती एका बोटानं धरून मऊ, कोरड्या ब्रशनं धूळ काढा. ओलं फडकं नको आणि आत व्हॅक्यूम क्लीनरचं तोंडही नको. त्यातून स्थिर वीज तयार होऊन नाजूक भाग बिघडू शकतात. यंत्र सात-आठ वर्षांचं असेल, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते. ती माहितगार माणसाकडून बदलून घ्या. खर्च किरकोळ असतो.

खेळाच्या सेटिंगमध्येही हात घालायला सांगा. चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणला, की यंत्राला निम्म्याहून कमी ठिपके रंगवावे लागतात. सावल्या कमी केल्या की आणखी भार हलका होतो. चित्र थोडं पुसट दिसेल, पण खेळ धावेल.

पैसे घालायचेच, तर या क्रमानं

यंत्रात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर सर्वांत आधी एसएसडी बसवा. तिनं खेळाचा वेग फारसा वाढत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. पण यंत्र सुरू होणं, खेळ उघडणं, तुमचं वीजबिल भरणं, सारं चटचट होतं. म्हणजे खर्च एकाचा आणि सोय सगळ्या घराची. जुनी डिस्क भंगारात देऊ नका बरं का! तीत लग्नकार्यांचे फोटो असतात, बँकेची कागदपत्रं असतात. ती चांगली असेल, तर त्याच कॅबिनेटमध्ये दुसरं फडताळ म्हणून राहू द्या.

दुसरी रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलात, की किती खाचा भरलेल्या आहेत तेही दिसतं. एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी जोडल्यानं जागा वाढते आणि दोन्ही मिळून वेगही वाढतो. मात्र डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. तेव्हा नाव कागदावर टिपूनच बाजारात जा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या मोठ्या केंद्रांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले होते, म्हणून चार ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

तिसरं ग्राफिक्स कार्ड. इथंच खरा सांभाळ हवा. आपल्याकडच्या स्वस्त कॅबिनेटबरोबर येणारी वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, पुष्कळदा नावापुरतीच असते. वर आकडा मोठा, आत दम थोडा. तिच्यावर भारी कार्ड लादलं, तर यंत्र मध्येच बंद पडतं, आणि पेटी जळाली तर मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकते. म्हणून एक तर चांगली पेटी त्याच वेळी घ्या, नाही तर कमी वीज खाणारं कार्ड निवडा. २०१९ साली आलेल्या जीटीएक्स १६५० चे कित्येक नमुने ७५ वॅटमध्ये भागवतात आणि त्यांना वेगळी वायर लागत नाही. अशी जुनी कार्डं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेली मिळतात. पण दुकानातच जोडून, खेळ लावून, पंधरा मिनिटं पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. पावती आणि वॉरंटीचा कागद मागायला संकोच कसला? आणि घरातल्या प्लगला अर्थिंग आहे ना, तेवढं वायरमनकडून पाहून घ्या.

आणखी एक गंमत. पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. मग एकशेवीस चित्रं काढणाऱ्या कार्डाचे पैसे का मोजायचे?

लॅपटॉप असेल, तर मात्र बहुतेकांत ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी बदलता येते का, ते मॉडेलवरून आधी पाहा.

थांबायचं कुठं?

आता महत्त्वाचं. समजा तुमचा संगणक २०१३-१४ चा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे आणि सीपीयूच कमी पडतोय. नव्या पिढीचा प्रोसेसर हवा, तर मदरबोर्डही बदलावा लागतो आणि रॅमही. तिन्ही बदलली की ती दुरुस्ती उरत नाही, तो नवा संगणकच झाला! माझा ठोकताळा असा, की नव्या यंत्राच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त पैसे जुन्यात घालू नयेत. आणि घालायचेच, तर उद्या नव्या यंत्रातही नेता येईल अशा वस्तूंत घाला. एसएसडी, चांगली पेटी आणि कार्ड बरोबर येतात. डीडीआर३ची पट्टी येत नाही.

शिवाय मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. त्यानंतरच्या यंत्रांत टीपीएम असूनही कधी कधी बंद ठेवलेलं असतं. माहितगार माणूस ते सुरू करून देतो, सुटा भाग घ्यावा लागत नाही. पण यंत्र त्याहून जुनं असेल, तर खेळ भले चालोत, बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. अशा यंत्रावर मोठा खर्च न करता नव्यासाठी दरमहा थोडं थोडं बाजूला टाकणं शहाणपणाचं.

मुलाला नकार द्यायचा असेल, तर तोही आकडे दाखवून द्या. “पैसे नाहीत, गप्प बस,” यापेक्षा “हे बघ, जीपीयू निम्म्यावरच आहे, कार्ड आणून काय होणार?” हे त्याला पटतं. त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्या: कुठला खेळ, काय कमी पडतंय, कुठला भाग, तीन दुकानांतले भाव. खरी गरज असेल तर तो मनापासून लिहील. नुसतीच मित्राकडे पाहून झालेली हौस असेल, तर कागद दोन दिवसांत विसरला जाईल. कसंही झालं, तरी घरातला एक मोठा खर्च आईबरोबर बसून कसा ठरवायचा, हे तो शिकलेला असेल.

तेव्हा या रविवारी स्टूल घेऊन बसाच त्याच्या शेजारी. अन् हो, आधी ते विणलेलं आच्छादन काढा बरं!