शब्दांच्या गावा : अक्षौहिणी

बालमित्रांनो, गेल्या आठवड्यात चौथीच्या एका मुलानं शुद्धलेखनाच्या वहीत 'अक्षोहिणी' असं लिहिलं. मी लाल पेनानं गोल केला आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी त्याची आठवीतली ताई आली. "बाई, सूर्य अधिक उदय सूर्योदय. मग अक्ष अधिक ऊहिनी, अक्षोहिणी का नाही?"

मी म्हटलं, "पुस्तकात तसंच आहे." ती गप्प गेली, पण मला चैन पडेना. हे काय उत्तर झालं?

रात्री पुस्तकं काढली. अक्ष म्हणजे रथाच्या चाकांचा आस आणि ऊहिनी म्हणजे समूह. नेहमीच्या नियमानं इथे 'ओ'च व्हायला हवा! पण हा शब्द नियमाला जुमानत नाही, म्हणून पाणिनीच्या सूत्रांवरच्या वार्तिकांत त्याच्यासाठी वेगळी नोंद करावी लागली. म्हणजे ताईचा विचार अगदी बरोबर होता. शब्दच अपवाद निघाला.

आता आपण 'अक्षौहिणी सेना' म्हणतो ती 'अफाट, न मोजता येणारी' या अर्थानं. पण महाभारताच्या आदिपर्वात तिचा चोख हिशेब आहे बरं का! एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ शिपाई मिळून झाली 'पत्ती'. मग दर पायरीला तिप्पट करत जायचं : सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. आणि दहा अनीकिनी म्हणजे एक अक्षौहिणी! तिच्यात 21,870 रथ, तितकेच हत्ती, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ.

गंमत पाहा, आपण 'क्रिकेटचा चमू' म्हणतो. जुन्या हिशेबानं एका चमूत नुसते हत्तीच 729! मैदानात मावायचे कुठे?

कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात. अठरा अक्षौहिणींचं नुसतं पायदळच होतं 19,68,300. युद्ध संपल्यावर महाभारत उरलेल्या वीरांची मोजणी सांगतं : कौरवांचे तीन, पांडवांकडचे सात. एवढा मोठा शब्द, आणि बाकी दहा! त्या पायदळातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं सांगितलं आणि त्या मुलाचा अर्धा गुण परत दिला. स्पेलिंग चुकलं होतं खरं, पण विचार चुकला नव्हता. ताईलाही निरोप धाडला.

आता तुमचं काम. अक्षौहिणीतले चारही आकडे पुन्हा लिहा. प्रत्येकातल्या अंकांची बेरीज करा. काय येतं? तीच संख्या महाभारतात आणखी कुठे कुठे भेटते? आईबाबांना विचारा. त्यांनाही डोकं खाजवू द्या!