फलकनुमात एक रात्र

वाचकहो, थोडक्या पैशात सहकुटुंब प्रवास कसा करावा, हे आम्ही या पानावर नेहमी लिहितो. एस.टी.च्या सवलती, घरून नेण्याचे दशम्या-लोणचे, नातेवाइकांकडचा मुक्काम हे आमचे ठरलेले विषय. या महिन्यात मात्र राजवाड्यात झालेल्या मुक्कामाबद्दल लिहितो आहोत. यावर घरात आधी भांडण झाले, तेही सांगणार आहोत.

आमचा थोरला मुलगा आखातात नोकरीला आहे. ईदला त्याला येता आले नाही. एका रात्री त्याचा फोन आला, "अब्बू, हैदराबादच्या फलकनुमा पॅलेसमध्ये तुम्हा तिघांसाठी एका रात्रीची खोली घेतली आहे. दादीला घेऊन जा." भाडे विचारले तर आधी टाळाटाळ झाली. मग जो आकडा कळला तो ऐकून आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. पाच आकडी रक्कम, तीही पहिला आकडा मोठा असलेली, आणि वर १८ टक्के जीएसटी. तेवढ्यात आमच्या निलंग्यातल्या घरचा कित्येक महिन्यांचा किराणा आणि दूध भागते.

आम्ही दोघेही शिक्षक. नटण्याला, खाण्यापिण्याला मनाई नाही, मनाई उधळपट्टीला आहे, हे कुरआनचे सांगणे आम्ही मुलांना शिकवत आलो. तेच त्याला ऐकवले. तो गप्प झाला. मग म्हणाला, "घर बांधायला पैसे पाठवले ते चालले. दादीसाठी एक रात्र पाठवली, ती इसराफ झाली का?" आणि फोन ठेवला. पुढचे दोन दिवस त्याचा फोन नाही, आमचाही नाही.

तिसऱ्या दिवशी अम्मींनीच विषय काढला. अम्मी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या म्हणाल्या, "पोराचं मन मोडू नका. आपण जायचं. पण माझ्या दोन अटी आहेत." पहिली अट अशी, की आमच्या गल्लीतल्या एका मुलीची नर्सिंगची फी अडली होती, जेवढे पैसे त्या खोलीला, तेवढेच तिच्या फीला द्यायचे, अर्धे नातवाने, अर्धे आम्ही. दुसरी अट ऐकून आम्ही चकित झालो. "महाल बघून झाला की नामपल्लीची सराय बघायची."

सराय कशासाठी, हे नव्या वाचकांना सांगायला हवे. निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. अम्मींच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या नानांचा, जमिनीचा एक दावा हैदराबादला चालू होता. तारखेला ते बीदरपर्यंत मिळेल त्या वाहनाने जात आणि तिथून विकाराबादमार्गे रेल्वेने हैदराबाद गाठत. मुक्काम नामपल्ली स्टेशनासमोरच्या सरायीत. सोबत चार दिवसांच्या भाकरी. सकाळी चालत मुसी नदीकाठच्या हायकोर्टात जायचे. एकदा शहराच्या दक्षिणेला गेले असता डोंगरावरचा फलकनुमा त्यांना दिव्यांनी उजळलेला दिसला. कुणी बडा मेहमान उतरला असावा. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितले, "आभाळ खाली आल्यासारखं दिसत होतं." नानींनी ते वाक्य जपले आणि पुढे लेकीला सांगितले.

लेकीला नाना आठवत नाहीत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाचे राज्य संपले. ते संपायला हवेच होते. रयतेचे राज्य आले. पण त्या दिवसांच्या गदारोळात आमच्या भागातली अनेक माणसे घरी परतली नाहीत. त्यांत नाना होते. अम्मी तेव्हा तीन वर्षांच्या होत्या. त्या यावर फारसे बोलत नाहीत, आम्हीही खोदून विचारत नाही. त्यांच्याकडे वडिलांचा फोटो नाही. डोंगरावरच्या दिव्यांचे ते एक वाक्य आहे.

नातवाला हे ठाऊक होते. आम्ही मात्र नुसता भाड्याचा आकडा ऐकला होता. त्याच रात्री त्याला फोन केला.

फजरनंतर निलंग्याहून निघालो. औराद शहाजनी मागे पडले की कर्नाटक लागते, भालकी, बीदर येते. जहीराबादपाशी तेलंगणा सुरू झालेला असतो. तीन तऱ्हेच्या पाट्या, तीन लिप्या. नानांसाठी हे सगळे एकच राज्य होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा बीदरपासून सुटून उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ पासून लातूरमध्ये.

बीदरला थांबून महमूद गावानचा मदरसा पाहिला. बहमनी राज्याच्या या वजिराने तो १४७२ च्या सुमारास बांधला. तीन मजले, दर्शनी भागावर निळ्या-हिरव्या फरशांची नक्षी, शिकवायच्या दालनांबरोबर विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या आणि मोठा ग्रंथसंग्रह. राहणे-जेवणे विद्येसाठी आलेल्याला फुकट. गावान स्वतः चटईवर झोपत आणि मातीच्या भांड्यात जेवत, असे इतिहासकार सांगतात. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला, तरी उरलेला मिनार पाहून मान वर होतेच. अम्मी पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "हा पण महालच की. फक्त भाडं नव्हतं."

दुपारी फलकनुमाच्या फाटकाशी पोहोचलो. चारमिनारपासून जेमतेम पाच किलोमीटर. फाटकातून वर पाहुण्यांना घोडागाडीने नेतात. अम्मी आधी 'नक्को बाबा, नक्को' म्हणाल्या आणि मग सर्वांत आधी त्याच चढून बसल्या. पायऱ्यांवर गुलाबाच्या पाकळ्यांचा वर्षाव झाला. अम्मींनी ओंजळ पुढे करून काही झेलल्या आणि रुमालात बांधून ठेवल्या.

हा महाल निजामाने बांधलेला नाही. पायगा घराण्यातले नवाब विकार-उल-उमरा यांनी ३ मार्च १८८४ रोजी त्याची पायाभरणी केली. ते पुढे राज्याचे दिवाण झाले. नाना ज्या विकाराबादवरून जात, ते गाव यांच्याच नावाचे. पायगा म्हणजे निजामासाठी घोडदळ पोसणारी घराणी. त्या खर्चापोटी त्यांना मोठ्या जहागिरी होत्या. इटलीहून आणलेला संगमरवर, विंचवाने नांग्या पसराव्यात तशा दोन बाजू, व्हेनिसची झुंबरे, आणि विंडसरच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयावरून बेतलेले ग्रंथालय, त्याच्या छताला कोरीव अक्रोडाचे लाकूड. बांधणे आणि सजवणे यांत सुमारे नऊ वर्षे गेली. एवढ्या खर्चाने नवाबही कर्जात आले, असे सांगतात. १८९७ च्या सुमारास महाल सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडे गेला आणि शाही पाहुण्यांसाठी वापरला जाऊ लागला. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज इथे उतरले होते. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद येऊन गेले. त्यानंतर बराच काळ महाल बंदच राहिला.

१९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर देशातल्या कित्येक वाड्यांपुढे दोनच वाटा उरल्या: पडझड किंवा हॉटेल. जयपूरचा रामबाग त्याआधीच, १९५७ मध्ये, हॉटेल झाला होता. फलकनुमा ताज समूहाकडे भाडेपट्ट्याने गेला आणि राजकुमारी एसरा यांच्या देखरेखीखाली सुमारे दहा वर्षे दुरुस्ती चालली. २०१० च्या नोव्हेंबरात ६० खोल्यांचे हॉटेल उघडले. रंग, पडदे, गालिचे, लाकूड यांच्या डागडुजीला कारागीर लागतात, रोजची झाडलोट आणि बागा यांना माणसे लागतात. हा पैसा पूर्वी रयतेच्या महसुलातून येई, आता पाहुण्याच्या खिशातून येतो. नानांनी भरलेल्या शेतसाऱ्यातला एखादा हाली रुपया त्या शाही मेजवान्यांत गेलाच नसेल असे कोण म्हणेल? हे मनात आले आणि खोलीच्या भाड्याबद्दलचा आमचा राग जरा वेगळ्या दिशेला वळला.

संध्याकाळी एका जाणकाराने महाल फिरवून दाखवला. १०१ माणसे एका वेळी बसतील असे जेवणाचे टेबल पाहिले. अम्मींनी विचारले, "आणि वाढणारे किती?" आमच्या मनात तो प्रश्न आला नव्हता. आमच्या घरी लग्नात शंभर माणसांची पंगत उठेपर्यंत वाढणाऱ्यांची कंबर मोडते, ते अम्मींना ठाऊक.

खोलीत पाणी घेऊन आलेला तरुण भालकीकडचा निघाला. आमची मराठी ऐकून तोही मराठीत बोलू लागला. अम्मींनी त्याला विचारले, "बेटा, तू जेवलास का?" तो क्षणभर थांबला. ड्यूटी संपल्यावर जेवतो म्हणाला. मग आई कशी आहे, बहिणी किती, सगळी चौकशी झाली. जाताना त्याने वाकून अम्मींची दुआ घेतली. त्या रात्री त्या महालात खरी मेहमाननवाजी कोण करत होते, हे सांगणे कठीण.

रात्री गच्चीवर गेलो. खाली सगळे हैदराबाद दिव्यांनी भरलेले. अम्मी बराच वेळ कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "नामपल्ली कुठल्या बाजूला?" आम्ही उत्तरेकडे बोट दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

खोलीत येऊन इशाची नमाज पढलो. प्रवासी म्हणून चारऐवजी दोन रकात. हनफी मताप्रमाणे साधारण ७८ किलोमीटरपलीकडचा प्रवास आणि पंधरा दिवसांहून कमी मुक्काम असेल तर माणूस मुसाफिर ठरतो. सलाम फिरवल्यावर अम्मी म्हणाल्या, "अब्बांनी सरायीत दोनच पढल्या असतील. आपण महालात दोनच पढल्या." एवढे बोलून त्या झोपल्या. आम्हाला मात्र बराच वेळ झोप आली नाही. इतक्या मऊ गादीची सवयही नव्हती, हेही खरे.

सकाळी नामपल्लीला गेलो. सराय बाहेरूनच पाहिली. आजूबाजूला रिक्षांची गर्दी, हॉर्न, चहाच्या टपऱ्या. अम्मींनी गाडीची काच खाली केली, हात उचलून वडिलांसाठी दुआ मागितली. रुमालातल्या पाकळ्या काढून सरायीच्या भिंतीलगत ठेवल्या. मग म्हणाल्या, "चला आता घरी."

आमच्या धर्मात मुसाफिराला मोठा मान आहे. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते त्यांत वाटेत अडचणीत सापडलेला प्रवासीही आहे. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे. त्यापुढे जे कराल तो सदका. यात पाहुणा अमीर की गरीब, असा भेद नाही. पैसे मोजून घेतलेल्या मुक्कामात सुख मिळते, ते नाकारण्यात अर्थ नाही. ते सुख देणाऱ्या माणसाकडे पाहून बोलणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्याला भाडे पडत नाही.

तुमच्यापैकी कुणाला अशा ठिकाणी जायचे असेल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. ऐन थंडीत आणि लग्नसराईत भाडे चढते, उन्हाळ्यात व पावसाळ्यात बरेच उतरते. आकडा विचारताना कर धरून किती आणि नाश्ता त्यात आहे का, हे विचारा. बेत रद्द झाला तर पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या. मांस हलाल आहे का, हे विचारायला लाजू नका. जेवणाच्या कुठल्या दालनात मद्य देतात तेही आधी विचारून जागा निवडा. घरात वयस्कर माणूस असेल तर पायऱ्या किती, लिफ्ट कुठे, हे खोली ठरवतानाच पाहा. जुन्या वाड्यांत सगळीकडे लिफ्ट नसते. मुक्काम परवडत नसेल तर अशा बऱ्याच हॉटेलांत आधी जागा राखून दुपारच्या चहाला जाता येते. आणि तेही नको असेल तर आपल्या जवळच नळदुर्ग आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बोरी नदी अडवून बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी कोसळत असताना आत कोरडे उभे राहण्याची मजा कुठल्याही पंचतारांकित खोलीत नाही.

घरी आल्यावर मुलाला फोन केला. त्याने विचारले, "दादीला आवडलं का?" अम्मींनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "गादी फार मऊ होती. पण तू पाठवलंस म्हणून तुझ्या परनानाचं गाव मला बघायला मिळालं." पलीकडे तो काही बोलेना. मग अम्मींनीच विषय बदलला, "आणि ऐक, त्या पोरीची फी भरायची शेवटची तारीख पंधरा आहे. विसरू नकोस."

तो विसरला नाही. त्या मुलीचा प्रवेश पक्का झाला आहे. परवा ती पेढे घेऊन आली तेव्हा आमच्याकडे आधीच दोन पाहुणे बसले होते. अम्मींनी तिसरा कप मांडला आणि नेहमीप्रमाणे आधी विचारले, "बेटी, जेवलीस का?"