आधी हात बसवा, मग मशीन घ्या

धर्माबादच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या बचत गटातल्या सातजणी मिळून मिरचीपूड, काळा मसाला आणि पापड करतात. मिरचीच्या बाजारपेठेतच राहून मिरचीपूड विकायची, म्हणजे गिऱ्हाईक बाहेरचे शोधायला हवे. म्हणून आपल्या कामाचे व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायचे त्यांनी ठरवले आहे. भिशीचे चाळीस हजार रुपये हाताशी आहेत. पण पुतण्या म्हणतो, "काकू, एडिटिंग करायचं तर पाऊण लाखाच्या खाली कॉम्प्युटर येतच नाही. वरचे पैसे हप्त्यानं भरू." ताई विचारतात, हप्ता घ्यावा का?

ताई, हप्ता मुळीच घेऊ नका. पस्तीस हजारांचा वर्षभराचा हप्ता म्हणजे महिन्याला जवळजवळ तीन हजार, व्याज वेगळेच. आणि यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे पहिल्या दिवसापासून मिळतात असे समजू नका. त्यासाठी हजार सदस्य आणि वर्षभरात लोकांनी पाहिलेले चार हजार तास भरावे लागतात (किंवा छोट्या शॉर्ट्सची नव्वद दिवसांत एक कोटी दर्शने). तोवर हप्ता कशातून जायचा? पापडातूनच ना!

आणखी एक सांगते. आज कॉम्प्युटरसुद्धा घेऊ नका. आधी दोन महिने हातातल्या फोनवर काम करा.

सुरुवात फोनवर

एडिटिंग म्हणजे काही जादू नव्हे. शिवणासारखेच आहे ते. नको ते कापायचे, हवे ते जोडायचे, वर नाव टाकायचे, खाली आवाज बसवायचा. एवढे चार टाके आले की झबले शिवता येते. फुल शटल मशीन नंतर.

फोनसाठी 'यूट्यूब क्रिएट' हे अ‍ॅप २०२३ पासून भारतात फुकट मिळते, आणि त्याचा शिक्का व्हिडिओवर उमटत नाही. 'काइनमास्टर'ही सोपे आहे, पण फुकट वापरले तर कोपऱ्यात त्याचे नाव येते. आपल्या मसाल्याच्या पुडीवर दुसऱ्याचे लेबल कशाला?

फोनवर काय होणार, असे वाटत असेल तर अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांची आठवण ठेवा. सत्तरीच्या घरातल्या या बाईंनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे चॅनेल सुरू केले आणि ते लाखो लोकांनी पाहिले. बघणारा तुमचा कॉम्प्युटर बघत नाही. हात, चव आणि बोलणे बघतो.

दोन महिन्यांत आठ-दहा व्हिडिओ झाले, गटातल्या दोघींचा तरी हात बसला, आणि फोन अडायला लागला, तर मग कॉम्प्युटरचा विचार करा.

सॉफ्टवेअर: फुकटचे आणि फसवे

कॉम्प्युटरवरसुद्धा सॉफ्टवेअरला एक पैसा मोजायची गरज नाही. 'शॉटकट', 'ओपनशॉट' आणि 'केडेनलाइव्ह' ही तिन्ही कायदेशीररीत्या कायमची फुकट आहेत, आणि शिक्का उमटवत नाहीत. नवशिकीने शॉटकटपासून सुरुवात करावी. विंडोज ११ मध्ये 'क्लिपचॅम्प' बहुधा आधीपासूनच असते. तेही फुल एचडी व्हिडिओ बिनशिक्क्याचा देते; मात्र त्याला इंटरनेट लागते.

'डाविंची रिझॉल्व्ह' हे ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक कंपनीचे. सिनेमावाले चित्राचा रंग ज्यावर सुधारतात तेच हे, आणि त्याची फुकट आवृत्तीही भरपूर देते. पण त्याला दणकट कॉम्प्युटर लागतो. पुतण्याचा पाऊण लाख बहुधा याच्यासाठी असावा! पुडीच्या व्हिडिओला त्याची गरज नाही.

'अडोबी प्रीमिअर प्रो' चांगले, पण त्याचे भाडे भरत राहावे लागते. "मी फुकटात टाकून देतो," असे कोणी म्हणाले तर ती चोरीची प्रत समजा. तिच्याबरोबर व्हायरस घरात येतो, आणि मग पासवर्ड, बँक, सगळेच उघड्यावर.

जुन्या 'विंडोज मूव्ही मेकर'चे नाव अजून पुष्कळांच्या तोंडी आहे. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०१७ मध्येच बंद केले. त्याच वर्षी त्या नावाने नकली प्रोग्रॅम देऊन पैसे मागणारी ठिकाणे उघडकीस आली होती. तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

मराठी अक्षरांबद्दल एक गोष्ट. डीटीपीवाल्याकडचे जुने फाँट व्हिडिओत टाकले तर 'मिरची'ची भलतीच अक्षरे होतात. युनिकोड फाँट घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे देखणे फाँट फुकट मिळतात.

दुकानात विचारायचे चार आकडे

दुकानदार इंग्रजीत भराभर बोलला की आपण गांगरतो. गांगरू नका. कॉम्प्युटर हे एक स्वयंपाकघरच आहे.

पहिली शेगडी, म्हणजे प्रोसेसर. इंटेलचा आय-५ किंवा एएमडीचा रायझन-५, शक्य तितक्या अलीकडच्या सालचा घ्या.

दुसरा ओटा, म्हणजे रॅम. ओटा अरुंद असला की एक पातेले उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. फुल एचडी कामाला ८ जीबी रॅम कशीबशी पुरते. १६ असली तर हात मोकळा चालतो. आज ८ घेणार असाल तर विचारा, "पुढे वाढवता येईल का?" काही लॅपटॉपमध्ये ती चिकटवलेली असते, वाढत नाही.

तिसरी कोठी, म्हणजे साठवण. ती एसएसडीच हवी, निदान ५१२ जीबी. फोनवर फुल एचडीत घेतलेल्या चित्रणाचे एक मिनिट साधारण ६० ते १३० एमबी जागा खाते. पाच मिनिटांच्या व्हिडिओसाठी चाळीस मिनिटे चित्रण झाले, तर पाच जीबीपर्यंत जागा गेली! फोर-केमध्ये घेतले तर त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून फोर-केचा हट्ट धरू नका. फुल एचडी पुरे.

चौथे ग्राफिक्स कार्ड. पंगत असली की मांडायची ती जादा शेगडी म्हणा. रोजच्या स्वयंपाकाला लागत नाही. किंमत इथेच फुगते, तेव्हा सुरुवातीला स्पष्ट नाही म्हणा.

हे आकडे कागदावर लिहून नांदेडच्या एका आणि निजामाबादच्या एका दुकानातून लेखी भाव आणा. जुळवलेला (असेंबल्ड) डेस्कटॉप घेणार असाल तर सकाळच्या गाडीने नेऊन संध्याकाळी परत येता येईल, एवढ्याच अंतरावर घ्या. हैदराबादला चार पैसे कमी पडतील, पण बिघडल्यावर घेऊन कोण जाणार?

जुना घ्यावा का?

जरूर घ्यावा, पण पारखून. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ज्यांवर विंडोज ११ चालत नाही असे कॉम्प्युटर बाजारात स्वस्तात येऊ लागले आहेत. स्वस्त म्हणून भुलू नका. इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. ओळखायचे कसे? आय-५ पुढचा आकडा वाचा. ८२५० म्हणजे आठवी पिढी, ६२०० म्हणजे सहावी. सहावी नको.

आपल्या फोनमधला व्हिडिओ पेन ड्राइव्हवर न्या आणि दुकानातच शॉटकट टाकून कापून-जोडून बघा. साडी अंगावर लावून बघतोच ना आपण! बिल पक्के घ्या, वॉरंटी लेखी घ्या. दुकानदाराने फसवलेच, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

ऊन, वीज आणि खकाणा

मराठवाड्यातल्या मे महिन्यात माणूस तापते तसे मशीनही तापते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. खालची भोके बंद होतात. डेस्कटॉप घेतला तर यूपीएस हवाच, नाहीतर वीज गेली की तासाभराचे काम गेले. आणि कांडप जिथे होते त्या खोलीत कॉम्प्युटर ठेवू नका. आपल्याला ठसका लागतो, त्याच्या पंख्यात मात्र खकाणा मुकाट्याने साचतो.

म्हणून चाळीस हजार सगळे मशीनवर घालू नका. सात-आठ हजार यूपीएस, पदराला लावायचा छोटा माइक आणि बाहेरची हार्ड डिस्क यांसाठी ठेवा. प्रत्येक व्हिडिओच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात.

नाव कोणाचे?

आता सगळ्यांत महत्त्वाचे. चॅनेल पुतण्याच्या ईमेलवर उघडू नका. मुलगा गुणी असेल, पण उद्या तो शिकायला पुण्याला गेला की चॅनेलची किल्लीही त्याच्याबरोबर जाईल. गटाच्या नावाने वेगळे खाते उघडा, फोन नंबर गटातल्या बाईचा द्या, पासवर्ड दोघींना तरी माहीत असू द्या. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू ठेवा. 'आपली आजी' चॅनेलसुद्धा ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाले होते, ते काही दिवसांनी परत मिळाले. प्रत्येकीचे मिळेलच असे नाही.

बिलही गटाच्या किंवा गटातल्या बाईच्या नावे करा. मशीन मुलांच्या खोलीत गेले की आठवड्यात त्यावर गेम चढतात, आणि मग "आई, थांब ना जरा," हे ऐकत उभे राहावे लागते. पुतण्याला शिकवायला जरूर बोलवा, पण माऊस स्वतःच्या हातात घ्या. त्याने दाखवलेले वहीत उतरवा आणि दुसऱ्या दिवशी तो नसताना करून बघा.

पैसा भिशीचा आहे, एकेक रुपया बाजूला काढून जमवलेला. त्यातून घ्यायची वस्तू आपल्याला चालवता आली पाहिजे आणि आपल्याच ताब्यात राहिली पाहिजे.