घरात राहतो, याचा पुरावा द्या!

मंडळी, पुण्यात घरपट्टीचा विषय निघाला की 'चाळीस टक्के' हे शब्द येतातच. पण ते चाळीस टक्के कशाचे, असं विचारलं की सगळा वर्ग चिडीचूप!

घराच्या किमतीचे नव्हेत. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती मिळेल, याचा अंदाज धरून महापालिका 'वार्षिक करयोग्य मूल्य' काढते. घरपट्टी त्यावर. मालक स्वतःच राहत असेल तर भाडं येणार कुठून? म्हणून १९७० पासून अशा घरांना ४० टक्के सूट. ही काही खिरापत नव्हे, साधा हिशेब आहे.

मध्यंतरी ही सूट काढली. २०२३ मध्ये राज्य सरकारनं परत दिली. छान! पण ज्यांची गेली होती त्यांनी 'पीटी-३' अर्ज भरायचा, वर आपण इथंच राहतो याचे पुरावे जोडायचे. का हो? काढताना आमच्याकडून अर्ज घेतला होता का? कुणाची काढली ती यादी तुमच्याच संगणकात आहे. घर भाड्यानं दिल्याचा संशय असेल तर तो सिद्ध करणं तुमचं काम. मुलं परदेशात आणि गुडघे दुखतायत, अशा म्हाताऱ्यांनी कागद घेऊन चकरा माराव्यात, हा कुठला न्याय? (तरी बरं, शाळेचा दाखला मागितला नाही.)

भाचरांनो, आईवडिलांचं बिल एकदा उघडून बघा. स्वतः राहत असूनही सूट दिसत नसेल तर लेखी विचारा, आणि पोच घ्यायला विसरू नका.