कॉलेजच्या खर्चाचा तिसरा वाटेकरी

मृग लागला की आपल्या नंदुरबारकडच्या शेतकऱ्याला दोन खर्च एकदमच गाठतात. बी-खत त्याच दिवसांत आणि पोराचा कॉलेजप्रवेशही त्याच दिवसांत. मिरची-कापसाचा पैसा मात्र दिवाळीच्या तोंडावर. मग बाप सावकाराचा ओटा चढतो आणि पोराला सांगतो, 'तू फक्त शीक, पैशाची काळजी करू नको.'

शेतकरी बांधवांनो, या बोलण्यात माया आहे, हिशेब नाही. कर्ज किती, व्याज किती, हे पोराला कळू द्या. फी, खोली, खानावळ, एस.टी.चे भाडे, सारे कागदावर मांडा. सरकार देते ते आधी वजा करा. आदिवासी विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. चौकशी नंदुरबार किंवा तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात करा. आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातील ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी २०२४-२५ पासून माफ आहे.

उरलेल्यात पोराचाही वाटा हवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढले, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. मोकळ्या वेळी काम करावे, सुटीत घरच्या शेतात राबावे. पण तास बुडवून मजुरी करणे म्हणजे भरलेली फी पाण्यात घालणे.

आणि तिसरा वाटेकरी? घरी राहिलेली धाकटी बहीण. भावाची फी भरायची म्हणून तिची शाळा सुटते. ती निंदणीला जाते, नाहीतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत. तिचा वाटा सगळ्यांत मोठा, पण वहीत तिचे नावच नाही. एकाचे शिक्षण दुसऱ्याचे मोडून करू नका. जिने आधीच सोसले आहे, तिचे देणे भावाने कमावता होताच पहिले फेडावे.

तलाठी आप्पा आणि ग्रामसेवक भाऊ, तुमचाही यात हात आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी रखडली की अर्जाची तारीख निघून जाते आणि तो भार बापाच्या डोक्यावर येतो. ही कामे उन्हाळ्यातच गावात बसून उरका.

मंडळी, बियाण्याचा हिशेब आपण पेरणीआधी करतो. कॉलेजचाही तसाच करा, आणि त्या बैठकीत पोरीलाही बसवा.