पोटाचे टाके आणि दुखण्याच्या गोळ्या

पोटाचे ऑपरेशन झालेल्या बाईला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. ‘थोडं सहन कर’ हा एक आणि ‘मेडिकलमधून गोळी आणून घे’ हा दुसरा. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत आणि संग्रामपूर तालुक्यात तर दुसरा पहिल्याहून अधिक घातक आहे.

मोठ्या शहरांत ‘टमी टक’ नावाची शस्त्रक्रिया होते. सुटलेल्या पोटाची सैल कातडी व चरबी काढून टाकतात आणि बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू शिवून जवळ आणतात. हौसेचे ऑपरेशन म्हणून आपण त्याला हसतो. पण ते करून घेणाऱ्या बाईला गोळ्यांच्या वेळा लिहून मिळतात, पोटाला पट्टा मिळतो आणि सहा आठवडे वजन उचलू नका अशी ताकीद मिळते. आपल्याकडे सिझेरियन किंवा पिशवीचे ऑपरेशन झालेल्या बाईच्या पोटाची भिंतही कापून शिवलेली असते. तिला मात्र टाके निघाले की हंडा उचलावा लागतो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन, वर भांड्याचे वेगळे. कातडीचा टाका सात-दहा दिवसांत निघतो, आतला थर मात्र तेवढ्यात जुळत नाही. त्याला जोर यायला कित्येक आठवडे लागतात आणि पुरती ताकद यायला काही महिने. घाई केली की त्या जागी हर्निया होऊ शकतो, म्हणजे पुन्हा ऑपरेशन.

दुखणे सहन करण्यात मोठेपणा नाही. पोट दुखते म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साठतो. ती उठत नाही, मग पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याची भीती. दुखणे आटोक्यात ठेवायचे ते यासाठी. गोळी वेदना असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा पहिले तीन-चार दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर घेतलेली बरी. उठताना सरळ न उठता कुशीवर वळावे, पाय खाली सोडावे आणि हाताच्या आधाराने बसावे. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी. संडासला जोर करावा लागू नये म्हणून भरपूर पाणी व पालेभाजी हवी.

इथे घरातल्या वडीलधाऱ्या बायांशी माझा जुना वाद आहे. भाताने टाके पिकतात, पाणी प्यायल्याने पोट सुटते, या समजुतींना काही आधार नाही. जखम भरायला डाळ, दूध, अंडी लागतात आणि नेमके तेच बंद केले जाते. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते, हाही असाच एक समज.

आता गोळ्यांचे. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे सूज व वेदना चांगली कमी करतात, पण मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतात. निरोगी माणसाला चार-पाच दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सहसा बाधत नाहीत. आपला भाग मात्र पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाण पट्ट्यातला. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण गावोगाव आहेत आणि हा विकार बरेच दिवस काहीच लक्षण दाखवत नाही. अशा माणसाने आठ-पंधरा दिवस परस्पर गोळ्या घेतल्या, त्यात पाणीही कमी प्यायले, तर उरलेले मूत्रपिंडही जायचे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे मेलेली गुरे खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन हजारोंनी मेली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाड नव्हे हे मान्य, पण औषध तेच आहे.

म्हणून ऑपरेशनपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन किती आहे हे नातेवाइकांनी विचारावे आणि तो कागद जपून ठेवावा. डॉक्टर रागावतील ही भीती बाळगू नये. मूत्रपिंडाची शंका असेल तर पॅरासिटामॉल हेच पहिले औषध. तेही प्रौढांना दिवसाला चार ग्रॅमच्या वर, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्यांच्या वर कधीच नाही. अंगाने बारीक असेल, काविळीचा किंवा दारूचा त्रास असेल तर त्याहून कमी. दुखण्याच्या पुष्कळ जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, त्यामुळे दोन वेगळ्या पाकिटांतून एकच औषध दुप्पट जाते. पाकिटामागची बारीक अक्षरे घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावीत.

सासूबाई आणि नवरोबा यांनी सहा आठवडे पाणी भरावे, गॅसची टाकी हलवावी. वेचणीचा हंगाम तोंडावर असेल आणि ऑपरेशन तातडीचे नसेल तर तारीख पुढेमागे करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुखणे रोज थोडे थोडे कमी व्हायला हवे. कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले, ताप आला, टाक्यांतून पू किंवा पाणी येऊ लागले, लघवी कमी झाली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर दुसरी गोळी शोधत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एकाएकी दम लागला तर रात्र असली तरी थांबू नये, १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.